राजा-नव्वी आणि हवालदार लालासाहेब

लालासाहेब,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तुम्ही खाली गेटवर, मी पहिल्या मजल्यावर. खिडकीतून हाक मारली की काम होत होतं. आता हाक पोचत नाही म्हणून कागद ओढून घेतलाय.

सोसायटीतले लोक तुम्हाला ‘देवमाणूस’ म्हणायला लागलेत. मला हा शब्द खपत नाही. ज्याच्याविषयी कुणी कधी चौकशी केली नाही तो मेला की देवमाणूस होतो. तुम्ही देवमाणूस नव्हता. तुम्ही भित्रे होता. बंदुकीला भ्यायला नाहीत हे तुमची पदकं सांगतात, पण चार माणसांच्या भुवया वर गेल्या की तुमची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि तुम्ही प्रेमळ होता, इतके की तुमच्यावर पाच मिनिटंसुद्धा धड रागवता यायचं नाही. मी तरी ते पुष्कळ केलं.

‘तुम्ही, तुम्ही’ करत लिहीत बसले तर पुन्हा रागवायलाच लागेन आणि गोष्ट राहून जाईल. म्हणून इथून पुढं परक्या माणसाची सांगावी तशी सांगते. स्वतःलाही ‘मी’ म्हणत नाही. तुम्ही म्हणायचात तसं ‘बाई’च म्हणते.

कडेगावपलीकडच्या एका गावातले लालासाहेब यादव एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेले. का गेले? तर गावातली आठ पोरं भरतीला निघाली होती आणि ट्रक त्यांच्या दारावरून जात होता. “येतोस का रं?” असं वरून कुणीतरी विचारलं. सगळी चाललीत, आपण एकट्यानं खाली उभं राहून काय करायचं, म्हणून हे चढले. नवांपैकी निवड झाली ती एकट्या त्यांचीच. बाकीचे आठ संध्याकाळी त्याच ट्रकनं गावी आले आणि सोबतीला म्हणून निघालेला माणूस चोवीस वर्षं परमुलखात राहिला. हे सांगताना ते स्वतःच हसायचे.

त्या चोवीस वर्षांत एक वर्ष आफ्रिकेतलं, काँगोमधलं. तिथं शांतिसेनेच्या तळावर शेजारच्या तंबूत उरुग्वे नावाच्या देशाचे शिपाई होते. त्यांना मराठी येत नव्हतं, यांना त्यांची भाषा येत नव्हती. पण पत्ते सगळ्या जगात बावन्नच. त्या शिपायांनी यांना पोकर शिकवलं आणि यांनी त्यांना मिरचीचा ठेचा. हवालदार होऊन लालासाहेब निवृत्त झाले तेव्हा ट्रंकेत एक प्लॅस्टिकच्या पत्त्यांचा जोड होता, धुऊन वाळत घालता येईल असा.

गावी आले आणि दोन वर्षांत बायको आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात चार महिने काढले, आणि गेली. मुलगा ऋषिराज, आपल्याकडची पोरं जातात तसा सोनं गाळायच्या धंद्यात थेट मदुराईला. मुलगी शिवांजली साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवते, तिथंच लग्न होऊन राहिली. रिकाम्या घरात भांडं पडलं तरी दचकायला होतं म्हणून लालासाहेबांनी सांगलीत एका सोसायटीत दिवसपाळीची रखवाली धरली आणि तिथल्याच खोलीत राहू लागले.

या सोसायटीत दुपारी जेवणं झाली की पार्किंगच्या सावलीत तीन म्हातारी माणसं रमी खेळायची. एक पायगोंडाअण्णा, हळदीचे व्यापारी, पेढी मुलांच्या हाती देऊन मोकळे झालेले. दुसरे बिराप्पा, मिरजेला रेल्वेत रुळांचे पॉइंट बदलण्यात ज्यांची हयात गेली. तिसऱ्या बाई, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि कुणी चुकीची बेरीज केली तर अजूनही रस्त्यात थांबून सांगणाऱ्या. चौथा भिडू हवा होता. टेबल गेटच्या समोरच असल्यामुळं लालासाहेबांना गेटवर लक्ष ठेवून खेळता येत होतं.

“रमीत काय मजा न्हाई बाई,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले. “मला एक येगळा डाव येतोय.”

डाव सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून. ती बघायची आणि ठरवायचं: पुढच्यानं लावलंय तेवढं आपणही लावून आत यायचं, की पानं टाकून बाजूला बसायचं. मग मध्ये पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची सामायिक. आपली दोन आणि ती पाच मिळून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, ढीग त्याचा. ढीग चिंचोक्यांचा. पायगोंडाअण्णांनी घरून लोणच्याची रिकामी बरणी भरून आणली होती, आणि खेळ उठला की सगळे चिंचोके बरणीत परत.

आठवड्यात सगळे शिकले. महिन्यात शिकवणारा हरायला लागला. रोज, नेमानं.

कारण लालासाहेब पानं टाकतच नसत. दोघं आत असोत की तिघं, त्यांचे चिंचोके पुढं सरकायचेच. एका दुपारी पायगोंडाअण्णांनी चार चिंचोके लावले. बिराप्पांनी चार टाकले. लालासाहेबांनीही टाकले. बाईंनी आपली पानं टाकून दिली. मधली पानं उघडली, त्यात राजा आला. लालासाहेब खुर्चीत सरसावले आणि शेवटपर्यंत लावत गेले. अण्णांनी पानं उघडली: एक्का आणि राजा. लालासाहेबांकडं राजा आणि नव्वी.

“राजा लागला की वो बाई मला!”

“लागला म्हणूनच मेलात,” बाई म्हणाल्या. “अण्णा पहिल्यांदा बोलले, चार लावले. त्यावर बिराप्पा आले. दोघं आत आहेत म्हणजे दोघांतल्या एकाकडं तरी तुमच्याहून बरं असणार, एवढं कळत नाही? समोर एकटा असता तर राजा-नव्वीला काहीतरी अर्थ होता. इथं जिंकायला दोघांना हरवावं लागतं.”

“पर ढीग केवढा झालता. आन् टाकायचं किती, चारच.”

“स्वस्त दिसतं तिथंच माणूस फसतो. ऐका. पुष्कळ जण आत असतील तर बारीक जोडी घेऊन जा, लागोपाठची एका रंगाची पानं घेऊन जा. ती लागली तर दणक्यात लागतात, नाही लागली तर टाकताना जीव अडकत नाही. वाईट असतात ती ही तुमची मधली पानं. अर्धवट लागतात. आणि अर्धवट लागलेलं माणसाला टाकवत नाही.”

बिराप्पा गालातल्या गालात हसत होते. “बाई, हवालदाराला सांगून काय फायदा नाही बघा. ह्यांनी सिग्नल नसला तरी गाडी काढणारा माणूस हाय.”

लालासाहेब पत्ते पिसत राहिले. मग हळूच म्हणाले, “आवं, तुमी समदी बसलाय ताटावर. मी एकट्यानं कसं उठायचं?”

तेव्हा मग कळलं. त्यांच्या भावकीत पंगतीला बसलं की सगळ्यांत थोरल्यानं हात धुतल्याशिवाय कुणी उठत नाही. सहा वर्षांचे असताना त्यांच्या पोटात कळ आली म्हणून ते मध्येच उठले होते. चुलते भर पंगतीत म्हणाले, “ह्येला आईनं शिकीवलंच न्हाई.” वाढत असलेल्या आईची मान खाली गेली, ती त्यांनी पाहिली. बस्स, एवढंच. त्यानंतर बावन्न वर्षं हा माणूस मध्येच कशातूनही उठला नव्हता.

“हे ताट नाही, डाव आहे,” बाई फटकन म्हणाल्या. “इथं उठणाराच शहाणा.”

हे सगळं पत्त्यांपुरतं राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

लालासाहेबांची गावची जमीन चार चुलतभावांत सामायिक. थोरले नानासो, मग हरिबा, मग लालासाहेब, आणि सगळ्यांत धाकटा शंभूराज. वाटणी करायची म्हणून नानासोंनी बैठक बोलावली, आणि वाटणीआधी सगळ्या पोरींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरतंय असं फोनवर सांगितलं. हे आपल्याकडं घरोघरी चालतं. पोरीनं कागदावर सही करायची, की बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी आपखुशीनं सोडला. मग तिला साडी नेसवायची, जेवू घालायचं आणि माहेर तुझंच आहे असं सांगायचं.

शिवांजलीच्या आईनं अशी सही केली होती. वडिलांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी भावांनी तिला गाडीत घातलं होतं. त्यानंतर ती माहेरी जायची, पण पाहुण्यासारखी, पर्स मांडीवर ठेवून बसायची. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिनं लेकीचा हात हातात घेऊन नवऱ्याला सांगितलं, “हिच्याकडं तेवढी सही मागू नगा.” शिवांजली म्हणाली, “पप्पा, मला जमीन नको. सगळी ऋषीला द्या. पण मागू नका.” लालासाहेबांनी मान डोलावली. बायको त्यावर निवांत झाली.

आणि यात अडचण अशी काहीच नव्हती. ऋषिराजला मदुराईला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, “ताईचं नाव राहू द्या की. कुणाला टोचतंय?” म्हणजे लालासाहेबांनी फक्त बैठकीत ‘न्हाई’ म्हणायचं होतं.

“काय म्हणणार तिथं?” बाईंनी आदल्या दिवशी पार्किंगमध्ये विचारलं.

“बघू की.”

“बघू की नाही. म्हणा आत्ता.”

“माझी पोरगी सही करनार न्हाई. मी मागनार न्हाई.”

“पुन्हा.”

तीनदा म्हणवून घेतलं. पायगोंडाअण्णा म्हणाले, “बाई, त्यांना शाळेत घातलंय की काय?” पण त्या दुपारी एक झालं. अण्णांनी लावलं, बाईंनी लावलं, बिराप्पांनी लावलं, आणि लालासाहेबांनी दोन पानं बघितली, जरा वेळ धरून ठेवली आणि टेबलावर टाकली. उलटून दाखवली तर राजा आणि नव्वी. बिराप्पांनी तोंडानं इंजिनाची शिट्टी वाजवली. लालासाहेब लाजले. मग उठून गेटपाशी गेले आणि उगाच एकदा उघडून बंद केलं. बाईंना वाटलं, झालं काम.

बैठक नानासोंच्या सोप्यात भरली. चौघं सतरंजीवर, वयाच्या ओळीनं.

“सातबाऱ्यावर नावं वाढत चालल्यात,” नानासो म्हणाले. “आज पोरी, उद्या त्यांची पोरं. आत्ताच सह्या घेऊन टाकू. माझ्या दोघींला सांगून ठेवलंय.”

“माझी हाक मारली की यील,” हरिबा म्हणाले.

आता लालासाहेबांची पाळी. त्यांच्या पलीकडं शंभूराज बसला होता, नख कुरतडत. त्याचं बोलणं अजून व्हायचं होतं. लालासाहेबांच्या तोंडात वाक्य तयार होतं, पहिला शब्द जिभेवर आला होता. स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला. जेवणाची तयारी चालली होती.

“काय रं?” नानासोंची एक भुवई वर गेली. “तुझी मास्तरीन अडून बसनार हाय का काय? बापाच्या म्होरं शिकली जनू.”

हरिबा हसले.

“न्हाई, न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “यील की तीबी.”

मग शंभूराजही म्हणाला, “माझीबी करील.” आणि ताटं आली.

त्यांनी साताऱ्याला फोन लावला. “शिवे, सोमवारी कडेगावला यायला लागतंय.”

“कशाला?”

“ते जरा… सही हाय.”

पलीकडं शाळेची घंटा वाजत होती. ती थांबली. मग शिवांजली म्हणाली, “बरं.”

सोमवारी बाकीच्या पोरी एका जीपमधून आल्या, एकमेकींच्या अंगावर रेलून हसत. बऱ्याच वर्षांनी चुलतबहिणी भेटल्या होत्या, त्यांना ती सहलच वाटत होती. शिवांजली एकटी कऱ्हाडवरून एसटीनं आली. रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात लिंबाखाली तिनं वडिलांना बाजूला घेतलं.

“पप्पा, तुम्ही मागताय ना? नानाआबा नाही, तुम्ही?”

“आगं, सगळ्यांच्याच पोरी करत्यात.”

“मी सगळ्यांची नाही. मी तुमची होते.”

लालासाहेबांनी जीपकडं बघितलं. नानासो हातातल्या घड्याळाकडं बघत होते. “आता गाडीभर मानसं आल्यात गं,” ते म्हणाले. “आता कसं…”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग आत गेली. सह्या केल्या, अंगठा दिला. कारकून म्हणाला, “ताई, कॅमेऱ्याकडं बघा,” तर सरळ बघितलं. भांडली नाही, रडली नाही. नानासोंच्या घरी पंगतीत जेवली, दुसऱ्यांदा आमटी घेतली, नानासोंच्या पाया पडली. चारी घरच्या पोरींना एकाच दुकानातल्या एकाच रंगाच्या साड्या होत्या. स्टँडवर एसटीत चढताना तिनं साडीची पिशवी वडिलांच्या हातात दिली.

“घरात ठेवा. आल्या-गेल्या बाईमाणसाला द्यायला होईल.”

सांगलीला परत आल्यावर हे सगळं त्यांनी बाईंना सांगितलं, काही न गाळता. बाईंनी धीराचं काही बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “दोन वाक्यं. दोन वाक्यं बोलता आली नाहीत तुम्हाला?”

“न्हाई आली,” लालासाहेब म्हणाले.

शिवांजलीनं बोलणं तोडलं नाही, ते सगळ्यांत वाईट. दर महिन्याच्या एक तारखेला तिचा फोन येई. “बीपीची गोळी घेताय ना?” “व्हय.” “जेवण?” “व्हय.” “बरं. ठेवते.” लालासाहेबांना वाटायचं, एकदा तरी भांडावं तिनं. फोनवर ओरडावं, काय वाटेल ते बोलावं. ते गोळी घेतली नाही असंसुद्धा एकदा मुद्दाम म्हणाले. ती म्हणाली, “घ्या हं,” आणि फोन ठेवला. दिवाळीला ती आली नाही. रजा नव्हती म्हणे. पुढच्या दिवाळीलाही रजा नव्हती. भावाची राखी पोस्टानं थेट मदुराईला गेली.

पत्त्यांच्या टेबलावर मात्र लालासाहेब बदलले. आता ते पानं टाकायला लागले. कुणी काही लावलं की यांची पानं खाली. पहिल्यांदा बाईंना बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटायला लागलं. दुपारच्या दुपार ते एकही डाव खेळत नसत. नुसते दोन पानं घेत, बघत, टाकत. एकदा बिराप्पांना राहवलं नाही. त्यांनी यांची टाकलेली पानं उलटली. दोन एक्के.

“अयाई! हवालदार, एक्क्याची जोडी टाकलाय!”

“अहो, एक्के कुणी टाकतं का?” बाई ओरडल्या. “याच्याहून भारी दोन पानं या डावात नाहीतच!”

“तुमीच म्हनला हुता, लय जन आत असली की टाकायचं.”

“मधली पानं टाका म्हटलं होतं मी.”

लालासाहेबांनी ते दोन एक्के हातात घेतले आणि कधी पाहिले नसावेत तसे बघत राहिले. “मधलं कुटलं आन् चांगलं कुटलं,” ते म्हणाले, “मला आता कळंना झालंय बाई.”

पायगोंडाअण्णांनी पत्ते गोळा केले. त्या दिवशी पुन्हा कुणी वाटले नाहीत.

सह्यांना सव्वादोन वर्षं झाली असतील. शंभूराज पंपाची मोटर न्यायला सांगलीत आला होता, तो गेटवर थोरल्या भावाला भेटायला थांबला. चहा मागवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. जाता जाता तो म्हणाला, “दादा, माझी दीपाली अजून बोलून दावती बघा. माझ्या मनात नव्हतं तिची सही घ्यायचं.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमच्या आधी कसं बोलू? मी तुमच्या तोंडाकडं बघत हुतो. म्हटलं, दादा न्हाई म्हनत्यात, मग आपुनबी न्हाई म्हनू. तुमीच व्हय म्हनला.”

शंभूराजची गाडी गेल्यावर लालासाहेब बराच वेळ गेट धरून उभे होते. मग जिना चढून बाईंच्या दाराशी आले. तेव्हापर्यंत ते एकदाही वर आले नव्हते. जे असेल ते खालूनच.

“बाई, माझ्याबर साताऱ्याला येता का?”

“कशाला?”

“पोरीकडं.” मग म्हणाले, “मला एकट्याला तिच्या दारात हुबं ऱ्हायला यायचं न्हाई.”

“मी तुमच्या वतीनं बोलणार नाही. आधीच सांगते.”

“न्हाई. बोलतो मीच. तुमी निसतं बसा.”

“काय बोलणार?”

“ते तिथं गेल्यावर.”

बाईंनी दोनतीनदा खोदून विचारलं. जमीन तिच्या नावे करायची असेल तर वकील आहेत, मृत्युपत्र आहे, सगळं करता येतं, असंही सांगितलं. ते मान हलवत राहिले. जमिनीचं नव्हतं ते, एवढं बाईंना कळलं. वाक्य काही त्यांनी सांगितलं नाही. यावेळी पाठ करून जायचं नाही, असं बहुधा त्यांनी ठरवलं होतं.

गुरुवार ठरला. लालासाहेबांनी सोसायटीकडून रजा घेतली, पांढरा सदरा इस्त्रीला दिला, आणि एक तारीख नसताना स्वतःहून शिवांजलीला फोन लावला. “गुरुवारी येतूय. आमच्या बाईंबरोबर.” तिनं विचारलं नाही कशाला. म्हणाली, “या. मी शाळेतून लवकर निघते.” हे सांगायला ते पुन्हा जिना चढून आले. ‘लवकर निघते’ हे त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं.

मंगळवारी बाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. मोतीबिंदूची तारीख मधेच मोकळी झाली होती, उद्याच या म्हणाले. बाईंनी खिडकीतून हाक मारली.

“लालासाहेब, माझा डोळा उद्या करताहेत. साताऱ्याचं पंधरा दिवस पुढं ढकलू या. चालेल ना?”

ते खाली, गेटच्या उन्हात, हातात वहीवर टेकवलेलं पेन. वर बघत होते. बाईंना त्यांचा चेहरा त्या डोळ्यानं धूसर दिसला. डोळ्याची घाई नव्हती. तो चार महिने पिकत होता, आणखी महिनाभर पिकला असता. ते एकटे गेले असते तरी चाललं असतं. एवढंच त्यांनी म्हणायला हवं होतं, की नाही बाई, मी जातो. बाईंनी एवढी वर्षं त्यांना दुसरं काय शिकवलं होतं? पण विचारणाऱ्या बाई होत्या, आणि उत्तर त्यांना काय हवं होतं तेही त्यांच्या आवाजातच होतं.

“व्हय बाई,” लालासाहेब म्हणाले. “तुमी म्हनाल तसं.”

मग त्यांनी साताऱ्याला फोन करून सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते बाईंना खालून ऐकू आलं नाही.

बाईंच्या ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी सकाळी, दहाच्या सुमारास, गॅसवाल्याच्या माणसाची वहीत सही घेताना त्यांची मान बाजूला कलली. बिराप्पा जवळच होते. रिक्षा येईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही.

शिवांजली साताऱ्याहून आली. खोलीतलं सामान आवरलं, इस्त्रीचा सदरा आहे तसा घडीवर पिशवीत घातला. निघताना जिना चढून बाईंकडं आली. बाईंच्या डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. तिनं पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला.

“पप्पा तुमच्याबरोबर येणार होते ना? काय बोलणार होते ते?”

बाईंना माहीत नव्हतं. ते त्यांनी साताऱ्यात गेल्यावर बोलायचं ठेवलं होतं, आणि साताऱ्याला जायचं राहिलं.